वामनरावांची रातपाळी

आमचे व्याही वामनराव रात्री झोपताना नाकाला सोंड लावतात. घरी मुक्कामाला येणाऱ्यांना मी हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पाणी प्यायला उठलेला पाहुणा दारातूनच ओरडतो. सोंड रबराची आहे. तिचं दुसरं टोक उशाशी ठेवलेल्या, पावाच्या लादीएवढ्या यंत्राला जोडलेलं असतं. त्यातून रात्रभर हवा येत राहते, म्हणजे झोपेत श्वास अडकत नाही. पण वामनराव नुसती सोंड लावून आडवे होत नाहीत. आधी हातपाय धुतात, भांग पाडतात, सदऱ्याची वरची गुंडी लावतात आणि यंत्रासमोर पलंगावर क्षणभर ताठ बसतात.

"अहो, झोपायला चाललात की कामावर?" आमच्या हिनं एकदा विचारलं.

"विहीणबाई, यंत्रापुढं गबाळ्यासारखं बसू नये. नोंद असावी."

हे "नोंद असावी" त्यांचं ठरलेलं आहे. भाजीत मीठ कमी, नोंद असावी. लिफ्ट बंद, नोंद असावी. नोंद कोणी घ्यायची ते सांगत नाहीत. सकाळच्या चहाला ते रात्रीचा अहवाल देतात, तोही उभे राहून. "यंत्र निर्दोष चाललं. श्वास निर्दोष. मनुष्य मात्र वारंवार जागा. नोंद असावी." मग बसतात आणि बशीत चहा ओततात.

आता मी कोण ते सांगतो. मी शंकर, गादीवाला. कसबा पेठेत आमचं गाद्यांचं दुकान आहे. सध्या मुलगा राजू तिथं कंपनीचे स्पंज विकतो, त्याबद्दल मला विचारू नका. आम्ही राहायला आता बिबवेवाडीत. मी चौथी पास आहे, पाचवीची गरज पडली नाही. अर्ध्या पुण्याची पाठ माझ्या कापसावर टेकलेली आहे. त्यामुळं माझ्याच छपराखाली एक माणूस रात्र रात्र जागा राहतो, हा मी माझ्या धंद्याचा अपमान समजत होतो.

वामनराव एका इंजिनाच्या कारखान्यात टाइमकीपर होते. गेटवर बसायचं, कोण आला, कोण गेला, कोणाची कुठली पाळी, ते बघायचं. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या हजेरीवर नजर ठेवण्यात गेली. उशिरा आलेल्या मोठ्या साहेबालाही आपण गेटवर थांबवलं होतं, असं ते सांगतात. साहेबाचं म्हणणं मी ऐकलेलं नाही.

त्यांची मुलगी स्मिता माझी सून. लग्नातच आम्हाला व्याह्यांचा परिचय झाला. कन्यादानाला बसले, गुरुजींनी हातावर पाणी सोडायला सांगितलं, तर वामनरावांचा हात पुढं आणि मान छातीवर. घोरणं असं की सनईवाला वाजवायचा थांबून बघायला लागला. शेजारी बसलेल्या कुसुमताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पाठीवर हळूच हात ठेवला. वामनराव दचकून जागे झाले आणि म्हणाले, "हजर."

आमच्याकडचे सगळे हसले. मी हसलो नाही. मला वाटलं, माणूस आळशी आहे.

त्याच लग्नात आणखी एक गंमत झाली. मुलीकडच्यांनी रिवाजाप्रमाणं गादी द्यायची म्हटलं. गादीवाल्याच्या घरी दुसऱ्याची गादी येणार? मी उलट त्यांनाच एक डबल गादी भरून कर्वेनगरला पाठवली. वरपक्षानं वधूपक्षाला गादी दिल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. नातेवाईक महिनाभर बोलत होते. बोलू दे. दोन्ही बाजूंना सारखा कापूस, आणि टाके मी स्वतःच्या हातानं घातलेले.

दोन वर्षांपूर्वी कुसुमताई गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. स्मितानं वडिलांना आमच्याकडं आणलं. तेव्हा त्यांची अवस्था अशी की घास तोंडात आणि डोळे मिटलेले. रात्री घोरण्यानं कपाटातली भांडी वाजायची, मग एकदम सगळं थांबायचं, आणि आपणच इकडं श्वास धरून बसायचो. स्मितानं त्यांना हॉस्पिटलात नेलं. तिथं डोक्याला, छातीला वायरी लावून एक रात्र झोपवलं. झोपेत श्वास थांबण्याचा आजार निघाला आणि सोंड घरी आली.

सोंडेनं काम चोख केलं हे मान्य केलं पाहिजे. घोरणं गेलं, दिवसाची पेंग गेली, माणूस पेपरातल्या चुका काढायला लागला. पण रात्रीची जाग काही जाईना. तासा-दीड तासानं डोळे उघडणार. उशाशी रात्री चमकणारं घड्याळ, ते बघणार, आणि सकाळी चहाला आम्हाला सगळ्या वेळा ऐकाव्या लागणार.

अशात गणपती झाल्यावर त्यांनी एक दिवस चहा घेता घेता जाहीर केलं, "लेकीच्या सासरी मुक्काम किती करावा, याला मर्यादा असते. त्यातून रात्री-अपरात्री दिवा लावून मी सगळ्यांना त्रास देतो. दसऱ्याला सीमोल्लंघन करणार. कर्वेनगर. नोंद असावी."

स्मिता मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "बाबा, मागं अप्पा चार दिवस तिकडं राहून आले ना, तेव्हा यंत्र पिशवीतून बाहेरसुद्धा काढलं नव्हतं. एकटे असले की लावत नाहीत. रात्री बसून राहतात आणि सकाळी बिस्किटांवर भागवतात. मला भीती वाटते हो. तुम्ही एकदा 'राहा' म्हणालात तर राहतील."

"तू सांग."

"मी मुलगी. माझं ऐकलं तर ते अप्पा कसले?"

अडचण अशी की मला 'राहा' म्हणता येत नाही. मी गिऱ्हाइकालाही कधी 'या, बसा' म्हटलेलं नाही. दुकानात पाटी होती, 'घ्यायची असेल तरच दाबून बघावी.' तेव्हा मी माझ्या पद्धतीनं गेलो.

"वामनराव," मी म्हटलं, "ही गोष्ट झोपेची नाही, गादीची आहे. गादीवाल्याच्या घरून माणूस झोपेविना गेला तर मला पेठेत तोंड दाखवता येणार नाही. मी गादी करतो. झोप लागेपर्यंत हलायचं नाही."

"दसऱ्यापर्यंत मुदत," वामनराव म्हणाले.

पहिली गादी मी घट्ट भरली. पाठ सरळ तर झोप सरळ, असं माझं मत. सकाळी अहवाल आला, "गादी भक्कम. जाग पूर्ववत." मग मी शेवरीचा कापूस मिळवला. वामनराव त्यात असे रुतले की सकाळी मी आणि राजूनं हाताला धरून ओढून काढलं. "गादी मऊ. जाग पूर्ववत. बाहेर पडणं अवघड."

एक गोष्ट मला तेव्हा कळत नव्हती. जाग आली की वामनराव काहीतरी पुटपुटायचे. भिंतीपलीकडून शब्द कळायचे नाहीत, कारण सोंड असताना तोंड उघडलं की हवा फुसफुसत बाहेर पडते. मला वाटलं, यंत्राला अहवाल देतायत. त्यांच्या स्वभावाला ते धरूनच होतं.

दोन गाद्या वाया गेल्यावर स्मितानं हॉस्पिटलची वेळ घेतली. मीही गेलो. गादीची बाजू मांडायला कोणीतरी हवं होतं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण तोंडानं पक्क्या. त्यांनी यंत्राची माहिती पडद्यावर बघितली. "काका, मशीन उत्तम चाललंय. श्वास थांबणं जवळजवळ बंद आहे."

"मग जाग?"

"इतकी वर्षं श्वास अडकून शरीर जागं होत होतं. त्याला सवय लागलीय. कारण गेलं तरी सवय लगेच जात नाही. आणि रात्री जाग सगळ्यांनाच येते, बाकीचे कूस बदलतात आणि विसरतात. तुम्ही घड्याळ बघता, हिशेब करता, म्हणून पूर्ण जागे होता."

"बाई, मुख्य प्रश्न गादीचा आहे," मी म्हटलं.

"आजोबा, तुम्हाला रात्री जाग येते?"

"अजिबात नाही."

त्यांना काका आणि मला आजोबा. वामनराव माझ्यापेक्षा वर्षभरानं मोठे आहेत.

मग त्यांनी नियम सांगितले. उशाशी घड्याळ नको. कुशीवर झोपायचं. जाग आली आणि झोप परत येत नाही असं वाटलं तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही. उठून मंद दिव्यात बसायचं, काहीतरी कंटाळवाणं काम करायचं, डोळे जड झाले की परत जायचं. सकाळी मात्र रोज एकाच वेळी उठायचं. आणि दुपारी झोपायचं नाही.

शेवटचं ऐकून आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला हे तोंडावर सांगायला धाडस लागतं.

"याला काही पर्याय?" वामनरावांनी विचारलं.

"नाही."

त्याही पुण्याच्याच असाव्यात.

घड्याळ आमच्या हिनं तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी अहवाल आला, "जाग आली. केव्हा, ते सांगता येत नाही. व्यवस्थेनं घड्याळ जप्त केलं आहे." चेहरा असा की नोकरीवरून काढलंय. दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघं एकमेकांवर पहारा करत गॅलरीत बसायचो. बोलायचो नाही, कारण त्या वेळेला पुण्यात कोणी बोलत नाही.

राहिलं कंटाळवाणं काम. हीच म्हणाली, "वाती वळा."

वाती वळणं बायकांचं काम आहे असं मी म्हणणार होतो, पण तिचं तोंड बघून कापूस आणून दिला. तेव्हापासून रात्री जाग आली की वामनराव सोंड काढून बाहेरच्या खोलीत येऊन बसायचे. देवाजवळचा छोटा दिवा असायचा, पुढ्यात कापूस. पहिल्या दिवशी त्यांनी वातींच्या सारख्या आकाराच्या जुड्या बांधून ठेवल्या, वर आकडा सांगितला.

"मोजायच्या नाहीत," ही म्हणाली. "मोजलं की डोकं जागं होतं."

"विहीणबाई, न मोजता काम झालं हे समजायचं कसं?"

"दिवा पेटला की समजायचं."

त्यांच्या समोर मीही बसायचो. सोबत म्हणून नव्हे. चांगला कापूस नवख्याच्या हाती एकटा सोडणं मला पटत नाही. ही मला म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना सांगितलंत ना, अजिबात जाग येत नाही म्हणून? मग रोज रात्री उठून फ्रिज उघडतं ते कोण?" मी कापूस आणायला उठलो.

सोसायटीत वातींचा सुकाळ झाला. खालच्या मजल्यापासून वरपर्यंत सगळ्यांच्या देवघरात वामनरावांच्या वाती जळायला लागल्या. जाग यायचीच, पण आता ते लवकर परत जायचे, चिडचिड कमी झाली होती. तरी नवरात्र बसलं आणि त्यांनी बॅग कपाटावरून खाली काढली. स्मिता ती दिसली की दुसरीकडं बघायची.

मी शेवटचा डाव टाकला. कर्वेनगरच्या त्यांच्या बंद फ्लॅटमधून ती लग्नातली डबल गादी टेम्पोत घालून आणवली. माणसाला त्याच्या जुन्या कापसावर झोप लागते. नवा कापूस अंगाला परका असतो. गादी उसवायची, कापूस पिंजून आणायचा आणि परत भरायची.

गच्चीवर चांगलं ऊन होतं. मी गादी पसरली, वामनराव देखरेखीला उभे राहिले. गादीवाला आधी गादी बघतो, मग कात्री लावतो. माणूस वर्षानुवर्षं एका जागी झोपला की त्याचा खळगा पडतो, खांदा कुठं, कंबर कुठं, सगळं दिसतं. वामनरावांच्या बाजूला म्हैस बसून गेल्यासारखा खळगा होता. दुसरी बाजू मात्र मी भरून दिली तशीच. पायाकडं सपाट, मध्ये सपाट. फक्त उशाकडं, भिंतीला टेकून बसता येईल अशा जागी, वामनरावांच्या बाजूला सरकून, एक खोल गोल खळगा.

"ही बाजू कोणाची?"

"कुसुमची."

"इथं कोणी झोपलेलं नाही, वामनराव. इथं कोणीतरी बसून रात्री काढल्यात."

वामनराव कठड्याला टेकले, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि हातातच धरून ठेवला.

"लोकांना घोरण्यानं जाग येते," ते म्हणाले. "तिला घोरणं थांबलं की यायची. श्वास अडकला की ती पाठीवर हात ठेवायची. मी कूस बदलायचो, परत सुरू. मला वाटायचं, कधीतरी करत असेल. झोपलेल्या माणसाला काय कळतं. ती गेल्यावर हॉस्पिटलात त्या वायरी लावल्या. सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, रात्रभर सारखा तुमचा श्वास थांबत होता. तेव्हा कळलं, ही किती वेळा उठत असेल."

खाली कोणाचा तरी प्रेशर कुकर वाजला. तो थांबेपर्यंत वामनराव थांबले.

"सगळ्या कारखान्याची हजेरी मी घेतली, शंकरराव. ही घरात जन्मभर रातपाळी करत होती, तिची हजेरी कधी लागली नाही. यंत्र आधी आलं असतं तर तिलाही झोप मिळाली असती."

"आणि आता जाग आली की?"

"तिला सांगतो. मी ठीक आहे, यंत्र आहे, तू झोप आता."

"म्हणजे ते पुटपुटणं यंत्राशी नसतं?"

"यंत्राशी कोण बोलतं? मी काय वेडा आहे?"

यावर काय बोलायचं ते चौथीपर्यंत शिकवत नाहीत. मी कात्री उचलली आणि विचारलं, "एकेरी करू की डबलच ठेवू?"

"एकेरी करा," त्यांनी चष्मा घातला. "खोली लहान आहे."

कर्वेनगरची खोली चांगली ऐसपैस आहे. लहान खोली आमच्याकडची. मी मान खाली घालून टाके उसवत राहिलो.

पिंजून आणला की कापसाला बाजू राहत नाही. त्यांच्या खळग्यातला आणि कुसुमताईंच्या बसल्या जागेचा, सगळा एक होऊन फुलला. गादी एकेरी झाली तरी बराच उरला. त्याचा मी कोणाला न विचारता एक लांब लोड भरला. "कुशीवर झोपलात की पाठीला लावत जा," मी म्हटलं. "डॉक्टरीणबाईंचा नियम आहे." वामनरावांनी लोडावरून हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. नोंद वगैरे काही म्हणाले नाहीत.

खंडेनवमीला माझी दाभणं आणि कात्री पाटावर पूजेला मांडली. शेजारी वामनरावांनी यंत्र आणून ठेवलं, पुसून लख्ख केलेलं. हिनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूची माळ घातली. ती माळ हवा आत जाते त्याच बाजूवर आली, आणि रात्री काढायची राहिली. दसऱ्याच्या सकाळी अहवाल आला, "यंत्रातून रात्रभर झेंडूचा वास. शिंका असंख्य. जाग शिंकांमुळे, यात यंत्राचा दोष नाही. नोंद असावी."

मग ते इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून बाहेर पडले. स्मितानं माझ्याकडं बघितलं. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. वामनराव गेटबाहेर पडले, रस्ता ओलांडला, समोरच्या कोपऱ्यावर आपट्याची पानं विकणाऱ्या बाईशी पानं शिळी आहेत म्हणून वाद घातला, पानं घेतली आणि परत आले. बॅग घरातच होती.

"झालं सीमोल्लंघन," ते म्हणाले. माझ्या हातावर पान ठेवलं. "सोनं घ्या. मुदत संपली. झोप अजून पूर्ण लागलेली नाही. आता काय?"

स्मिता दारात उभी होती. आमची ही तिच्या मागं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

"आता काय," मी म्हटलं. "भरलेली गादी अंगाशी बसायला वर्ष लागतं. मध्येच उठून गेलात तर मी जबाबदार नाही."

"वर्ष?"

"कापसावर आहे. जास्तही लागेल."

वामनराव आत गेले आणि त्यांनी बॅग कपाटावर परत ठेवली. स्मितानं त्या दिवशी मला श्रीखंड दोनदा वाढलं.

जाग त्यांना अजूनही येते. डॉक्टरीणबाई म्हणतात, येऊ दे, हळूहळू कमी होतेय. परवा रात्री माझा डोळा उघडला. मी बाहेरच्या खोलीत दिवा लावला, कापूस काढला, वाती वळताना ते बसायला घेतात ती चौकटीची उशी समोर मांडली आणि वाट बघत बसलो. थोड्या वेळानं भिंतीपलीकडं पुटपुटणं ऐकू आलं. आता मला शब्द ठाऊक आहेत. पलंग करकरला, कूस बदलली गेली, लोड पाठीशी ओढल्याचा आवाज आला. मग नुसती यंत्राची हवा, एका लयीत. दार उघडलं नाही.

मी वळल्या तेवढ्या वाती वळल्या.

सकाळी पूजेच्या वेळी हिनं वातींचा डबा उघडून बघितला. "संपत आल्या की. काल दोघांनी बसून एवढ्याच केल्या?"

"मी एकटाच होतो."

"का? वामनराव कुठं होते?"

"झोपले होते," मी म्हटलं. "नोंद असावी."